खांबाखालची अनसाक्का

लाईट गेली की बाकीची लोकं मेनबत्ती हुडकायची, अनसाक्का चपला हुडकायची.

आता तुमी म्हनाल, म्हातारीचा आन् लाईटीचा काय संबंद? तर आमी दोगी ऱ्हायालाच लाईट कंपनीच्या आवारात हुतो. रहिमतपूरच्या पल्याड, शिवारातच, तारेचं कुंपन घातल्यालं. मधी ट्रान्सफॉर्मर, येका अंगाला स्विचघर, म्होरं हापिस आन् पाठीमागं पत्र्याच्या तीन खोल्या. येकीत मी, येकीत अनसाक्का, तिसरीत मोडकी मीटरं आन् उंदरं. कंपनी सरकारी न्हवं. आमच्या बाजूच्या थोड्या गावांपुरती, गावच्याच लोकांनी मिळून काढल्याली.

मी तितं हापिस झाडायची. म्हसवडच्या बाजूची मी. बाच्या मेंढ्या हुत्या. पानी न्हाई म्हनून मेंढ्या संपल्या, मंग आमी मानसं निगालो. मालक हितं खांबाचं खड्डं खनायला लागलं, पुढं छातीच्या दुखन्यानं गेलं, मला झाडलोटीला ठेवली. झालं माजं. दुसरी यत्ता शिकल्याली बाई मी, मला काय नीट सांगाय येतंय! पर अनसाक्काचं कुनीतरी सांगाय पायजे.

काडीवानी किरकोळ बाई. लुगडं पोटऱ्याच्या वर खोचल्यालं, डोईवरचा पदर कायम घसरल्याला आन् आवाज असा की पलीकडच्या बांधावरचं बैल थांबत्यात. येका जागी म्हनून टिकायची न्हाई. भाकरी थापायला बसायची तेवढीच, ती बी उकिडवी, जसं काय आता उठायचंच हाय. जेवायची फिरत. हातात भाकरी, भाकरीवर कोरड्यास, आन् आवारातनं फेऱ्या. येक घास स्विचघराम्होरं, येक घास फाटकापाशी. मी म्हनायची, "आवं आक्का, अन्न अंगाला लागाय नको का?" तर म्हनायची, "लागून कुटं नांगर वडायचाय मला?"

ट्रान्सफॉर्मर कायम गुं गुं करायचा. आमाला त्येची सवय झाल्याली, आयकूच यायचा न्हाई. ती मातूर बोलता बोलता बोट वर करायची.

"थांब बायडे. आवाज बदलला."

"काय बदलला न्हाई वं."

"तू गप. बदलला."

आन् निगाली. बहुतेक येळंला काय झाल्यालं नसायचं. तिला लाईटीतलं ओ का ठो कळत न्हवतं, त्ये आदी सांगून ठेवते, न्हाईतर लोकं म्हनतील म्हातारी लय शानी हुती. फ्यूज कशाला म्हनत्यात त्ये बी तिला म्हाईत न्हवतं. पर लाईट गेली म्हंजे कुनीतरी खांबावर चढनार, येवढं तिला कळत हुतं. आन् त्येच्यासाटनं ती लाईन धरून चालत सुटायची. उसाच्या कडंनं, वढ्यातनं, कुटंबी. जितं वायरमन चढल्याला दिसंल तितं खाली जाऊन हुबी.

तिचा मालक म्हादबा, त्यो लाईनमन. खांबावरच गेला. त्यो वर हुता, खाली कोन न्हवतं. स्विचघरातल्या मानसाला वाटलं काम उरकलं, त्येनं स्विच वडला. झालं येवढंच. त्या मानसाचंबी लय वाईट न्हवतं मनात. त्यो नंतर नोकरी सोडून गेला.

तवाचं सायेब तिला सांगाय आलं. मी तवा फाटकापाशीच हुते. सायेब दाराच्या भाईरच थांबलं. म्हनलं, "बाई, साताऱ्याला नेलंय. डॉक्टर आज नाहीत. उद्या ताब्यात देतील." तर ही बाई दारात हुबी, हाताला पीठ, आन् म्हनाली, "हरकत न्हाई."

गावात लय चर्चा झाली. दाल्ला मेला आन् बाई हरकत न्हाई म्हनती! कुनी म्हनलं येडी झाली, कुनी म्हनलं दगड हाय. दगड कसली, तिच्या तोंडातच बसल्यालं हुतं त्ये. कुनाचा पायावर पाय पडला, हरकत न्हाई. च्यात साखर टाकायची ऱ्हायली, हरकत न्हाई. पत्रा गळून हातरून भिजलं, हरकत न्हाई. तिच्या तोंडात यायचं, त्येच्यात ती नसायचीच.

मी येकदा इचारलं, "आक्का, तुमाला कशाचीच हरकत नसती व्हय?"

चालता चालता थांबली. म्हनाली, "आसती की गं. पर सांगून कुनाचं काय थांबतंय?"

म्हादबाच्या पाठीमागं कंपनीनं तिला त्याच खोलीत ऱ्हाऊ दिलं आन् थोडं शेर दिलं. कागदावरचं शेअर वं. आमच्याकडं समदी शेरच म्हनायची. माजा सासरा शेवटपतोर इचारायचा, "शेरानं दूध मोजत्यात, जोंधळं मोजत्यात, ह्यांची लाईट कशी काय मोजत्यात?" कंपनी निगाली तवा ज्येच्या ज्येच्या वावरात खांब रवला त्येला त्येला शेर दिल्यालं. कुनी पत्र्याच्या पेटीत ठेवलं, कुनी देवाच्या फोटोमागं. त्येचा कुनाला काय उपेग झाला न्हाई, आन् कुनी टाकूनबी दिलं न्हाई.

आता तिचं खांबाखालचं बोलनं सांगते. सुरेश म्हनून वायरमन हुता, दोन लेकरांचा बाप. त्यो वर चढला की ही खालनं सुरू.

"सुऱ्या, न्याहारी केलीस का?"

"केली."

"काय केलीस?"

"आवं आक्का, हातात तार हाय माज्या!"

"मंग तोंड मोकळं हाय न्हवं? काय खाल्लंस?"

"चपाती."

"कशासंगं?"

"मेथी."

"कालबी मेथीच म्हनलास. बायको दुसरं काय करत न्हाई व्हय रं?"

"खाली आल्यावर सांगतो की!"

"खाली ये, पर दमानं ये. आन् मेथी कशी केली त्ये तितनंच सांग."

बाजूच्या वावरात बाया भांगलत आसायच्या, त्या खुरपी टाकून हासायच्या. सुरेश आमच्याम्होरं कावायचा, "माजं लगीन बायकोशी झालंय का अनसाक्काशी, त्येच कळंना." पर येकदा तिला ताप आला. उठाय येईना तिला. लाईट गेल्याली, लोकांचं फोनवर फोन, आन् हा गडी खांबाखाली बसून बिडी वडतोय. पिठाच्या गिरनीवाला सोता तितं गेला, वरडला, "आरं चढ की!" तर म्हनतो, "खाली कोन हाय?" शेवटी गिरनीवाल्यालाच खाली हुबं केलं. त्येला काय बोलावं सुचंना. म्हनं, निस्तं "हायस न्हवं? हायस न्हवं?" करत ऱ्हायला.

मेथीशी अनसाक्काला काय करायचं हुतं? वरनं उत्तर आलं पायजे, येवढंच. उत्तर येतंय तवर मानूस हाय.

मंग नवं सायेब आलं. तरनं, पुन्याकडं शिकल्यालं, बोलायला चांगलं. पर येकदा गावात कुना पुढाऱ्याचा कार्यक्रम हुता, मांडव घातल्याला, आन् लाईट गेली. फोनवर फोन. सायेब घाईनं स्विचघराकडं आलं तर अनसाक्का दाराला पाठ लावून हुबी; खांबाखाली मांडवातल्या दोगांना हुबं करून ती हिकडं पळत आल्याली.

"आजी, बाजूला व्हा."

"मानूस वर हाय."

"अहो, तो खाली आला असेल एवढ्यात. मला माझं काम करू द्या."

"करा की, हरकत न्हाई. पर मानूस वर हाय."

"तुम्ही म्हणता हरकत नाही आणि दार अडवता?"

"व्हय."

सायबांचं त्वांड लालबुंद. हात धरून वडावं तर म्हातारी बाई. मी झाडू घेऊन हुबी, मला हासू येतंय आन् भ्यावबी वाटतंय. सुरेशची सायकल फाटकातनं आत आली तवा ती बाजूला सरली. सायबांनी आत जाऊन स्विच वडला. पर तवापासनं स्विचला हात लावायच्या आदी आवारात यायचं आन् हाक द्यायचं, "अनसाक्का, आले का सगळे?" ती जितं आसंल तितनं "आलं!" म्हनायची. मंगच.

हे असं लय दिस चाललं. पर कंपनी काय चालंना. तारा जुन्या, खांब वाकल्यालं. वारं सुटलं की लाईट गेली. गिरनी बंद, मोटारी बंद, पोरांचं मोबाईल बंद. लोकं हापिसात येऊन सायबांना नाय नाय त्ये बोलायची. त्येंचंबी खरंच हुतं. तेवढ्यात भाईरची येक मोठी कंपनी म्हनली, आमी घेतो. आन् गावागावातनं संपतराव फिराय लागला.

संपतराव आमच्याच भागातला. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन. दुसऱ्या कंपनीसाटनं लोकांचं शेर गोळा करायचं त्येचं काम. गिरनीम्होरच्या पारावर त्येनं लोकं जमवली, मीबी दळप घेऊन गेल्याली.

"इकायला तयार झालात म्हंजे झालं असं न्हाई," संपतराव म्हनला. "लाईटीचा धंदा किरानाच्या दुकानावानी न्हवं. शेर ह्येच्याकडनं त्येच्याकडं परस्पर देता येत न्हाईत. वर सरकारचा आयोग हाय. आयोगाची मंजुरी लागती."

पाठीमागनं येक म्हातारी म्हनाली, "मजुरी कोन देनार, ही कंपनी का ती कंपनी?"

"मजुरी न्हवं मावशे, मंजुरी!"

"त्येच की. किती देनार?"

समदी हासली. संपतरावनं कपाळाला हात लावला. म्हनला, "आयोग सांगलीला सुनावनी घेनार हाय. लोकांना इचारनार, कुनाची हरकत हाय का. हरकत नसली की मंजुरी. मंजुरी आली की तुमची लाईट चोवीस तास."

कुनाची हरकत आसनार? चोवीस तास लाईट कुनाला नको? अनसाक्कानंबी आपलं शेर देते म्हनून सांगितलं. तितल्या तितं.

पर दोन दिसांनी नवी मानसं आवार मोजाय आली. टेप घेऊन हिकडनं तिकडं. आमच्या खोल्यांच्या भिंतीवर खडूनं फुल्या मारल्या. मी इचारलं, ह्या कशाच्या? तर त्यो मानूस लय गोड बोलला, "मावशी, इथं नवी मशिनरी येणार. मंजुरी आली की हे सगळं साफ करायचं."

अनसाक्का फुलीम्होरं हुबी ऱ्हायली. बोटानं पुसून बगितली. खडू बोटाला लागला, पर फुली तशीच. त्या दिसापासनं तिच्या फेऱ्या वाढल्या. खोलीतनं भाईर, भाईरनं खोलीत. येकदा तर भरल्याली घागर घेऊन आवाराला येडा घालून आली आन् मला म्हनाली, "मी ही कुटं न्हेत हुते गं?"

तिला त्या खोलीबिगार काय न्हवतं. लेक कांता वाईला दिल्याली. जावई भला मानूस, पर त्येचंच घर दोन खनांचं, आन् आमच्यात लेकीच्या घरात कायमचं ऱ्हायाला जात न्हाईत. मला निदान रहिमतपुरात भाचा तरी हुता.

सायेबच शेवटी आमच्या दारात आलं. हळू बोललं. "मी कंपनीचा माणूस, मला बोलता यायचं नाही. पण आयोग मंजुरी देताना अट घालू शकतो. खोल्या ठेवा म्हणून अट घाला, असं सुनावणीत कुणीतरी सांगायला हवं. तिथं कुणी बोललं नाही तर नंतर कुणी ऐकणार नाही. मी यादीत अनसाक्कांचं नाव देतो. उभं राहायचं, आणि म्हणायचं, माझी हरकत आहे."

मंग काय, तिची तालीम सुरू झाली. मी, सुरेश, सुरेशची बायको, समदी मास्तर.

"म्हना, माजी हरकत हाय."

"माजी हरकत हाय."

"कशाची?"

"खोलीची."

"खोलीची न्हवं आक्का, खोली पाडायची!"

"हरकत न्हाई, तसं म्हनते."

सुरेशनं डोकंच धरलं. "आक्का, त्यो शब्द तोंडातनं काडून टाका आदी!"

ती बी हासली तवा. हासताना तोंडाला पदर लावायची.

सांगलीला आमी टेम्पोनं गेलो. मोठा हॉल, वर पंखं, खुर्च्यांच्या रांगा. म्होरं टेबलामागं आयोगाच्या बाईसायेब बसल्याल्या. पांढरं केस, चष्मा, आवाज बारीक पर आयकू यायचा. त्येंच्या शेजारी येक पोरगी काम्पुटरवर बडवत बसल्याली, आन् ती जे लिवंल त्ये भिंतीवरच्या पडद्यावर मोठ्ठ्या अक्षरात उमटायचं. नाव, गाव आन् म्होरं हरकत हाय का न्हाई. मी आपली येक येक अक्षर लावत बसले.

आदी नव्या कंपनीचा मानूस बोलला. कोट घातल्याला. लय चांगलं बोलला. तारा बदलनार, खांब बदलनार. मंग म्हनला, "आता एका तक्रारीला दोन-तीन माणसं जातात, वेळ जातो. आमचा एक माणूस मोटारसायकलवर निघेल, एकटाच खांबावर चढेल, दुरुस्त करून पुढं जाईल. अर्ध्या तासात लाईट."

टाळ्या वाजल्या. लोकांनी जोरात वाजवल्या. सुरेशनंबी वाजवल्या.

अनसाक्का आदीच खुर्चीच्या कडंला हुती. ती उठली आन् भाईर गेली. मला वाटलं पानी प्यायला गेली. मी दारातनं बगितलं तर व्हरांड्यात फेऱ्या मारतीया, ह्या टोकापासनं त्या टोकापतोर, हाताची बोटं मोडत. तेवढ्यात आत तिचं नाव पुकारलं. मी हाक मारली, ती काय आयकंना. दुसरी नावं पुढं गेली. मी जाऊन तिला धरून आनली आन् म्होरं हुबी केली. सुरेशनं हात वर करून सांगितलं, "ह्या ऱ्हायल्यात मॅडम."

बाईसायबांनी चष्म्यातनं बगितलं. मानसानं मानसाशी बोलावं तसं म्हनाल्या, "या आजी. मघाशी तुमचं नाव पुढं गेलं, तुम्हाला ताटकळावं लागलं. माफ करा हं."

अनसाक्का म्हनाली, "हरकत न्हाई."

काम्पुटरवालीची बोटं टकाटका चालली. पुकारनाऱ्यानं म्होरचं नाव घेतलं. अनसाक्काला वाटलं आजून तिचीच पाळी हाय, ती हुबीच. मी पडद्याकडं बगितलं. तिचं नाव, गाव आन् म्होरं... ह, र, क, त. मी लावत गेले. ना, ही.

"आक्का!" म्हनून वरडलेच मी. "त्येंनी लिवलं! हरकत न्हाई म्हनून लिवलं!"

तिनं पडद्याकडं बगितलं. तिला वाचाय येत न्हवतं. माज्याकडं बगितलं, परत पडद्याकडं. मंग टेबलापाशी गेली तरातरा.

"आवं बाईसायेब, ती हरकत येगळी!"

"कुठली वेगळी?"

"तुमी माफ करा म्हनलात, त्येला हरकत न्हाई म्हनलं. ही हरकत ऱ्हायली सांगायची."

हॉल हासाय लागला. कोटवाल्याचा वकील हुबा ऱ्हायला, म्हनला, "मॅडम, नोंद झालेली आहे." बाईसायेब हासल्या न्हाईत. म्हनाल्या, "नोंद दुरुस्त करा. आजी सौजन्यानं बोलल्या, आपण ते हरकतीच्या रकान्यात घातलं." मंग अनसाक्काला म्हनाल्या, "आजी, वेळ कमी आहे. पुष्कळ नावं आहेत. एकच मुद्दा सांगा, थोडक्यात."

येकच.

अनसाक्का हुबी ऱ्हायली. पाय मातूर हालत हुतं, ह्या पायावरनं त्या पायावर. मी खालनं ओठ हालवून दावत हुते, खोली, खोली. तिनं माज्याकडं बगितलं. चांगलं बगितलं. आन् मंग बोलली.

"इका तुमी. कुनीबी घ्या. आमाला लाईट पायजेच. पर मानूस खांबावर आसला म्हंजे खाली येक मानूस पायजे. येकट्याला चढवायचं न्हाई. तेवढं लिवा."

कोटवाला आदबीनं म्हनला, "आजी, प्रत्येक वेळी दोन माणसं पाठवणं शक्य नाही हो."

"मंग तुमी येत जावा खाली हुबं ऱ्हायला."

पुन्ना समदी हासली. ती न्हाई. बाईसायबांनी कायतरी सोताच्या हातानं लिवलं आन् इचारलं, "हीच तुमची हरकत?"

"हीच," म्हनाली, आन् माघारी आली.

टेम्पोनं माघारी निगालो. मला राग आल्याला. का यिऊ नये? ती खोली काय तिच्या येकलीची हुती? कराड गेल्यावर मी तोंड उगाडलं.

"आपन खोलीचं सांगाय गेलो हुतो आक्का."

"व्हय."

"मंग?"

"येकच सांगा म्हनल्या की गं त्या."

"म्हनून काय दुसऱ्याचंच सांगायचं?"

ती टेम्पोच्या दांडीला धरून हुबीच हुती, बसा म्हनलं तरी बसली न्हवती. सुरेशकडं बोट केलं. "ह्यो मुडदा टाळ्या वाजवत हुता. येकट्यानं चढायच्या म्हनून टाळ्या! मी बगत हुते."

सुरेश मान खाली घालून बसला. त्येचं गाव आलं. उतरल्यावर तिच्या पाया पडाय वाकला तर तिनं त्येच्या डोक्यात टपली मारली. "जा. बायकोला म्हनावं मेथी बास आता."

मंजुरी आली. सायबांनी आमाला हापिसात बलवून वाचून दावली. शेर इकायला परवानगी, आन् खाली अटी. खांबावर चढताना जोडीला दुसरा मानूस पायजेच, न्हाईतर कंपनीला दंड, असं सरळ लिवल्यालं. खोल्यांचं त्येच्यात काय न्हवतं. सायबांनी कागद दोनदा वाचला, जसं काय दुसऱ्यांदा वाचल्यावर खोल्या निगतील. अनसाक्कानं "पुन्ना वाच बाबा" म्हनून तेवढाच दुसऱ्या मानसाचा भाग परत आयकला.

माजा राग कवा गेला, मलाबी सांगता यायचं न्हाई. मी भाच्याकडं आले. पडवीत जागा हाय, दोन येळचं मिळतंय. बरं हाय.

नवी कंपनी आली. लाईट आता ऱ्हाती, खोटं कशाला बोलू? मोटारसायकलवर दोगं येत्यात. येक वर चढतो, येक खाली हुबा ऱ्हातो. खालचा बहुतेक मोबाईलमदीच तोंड घालून आसतो. पर आसतो. सुरेशला त्येंनी ठेवून घेतला. आमच्या खोल्यांच्या जागी हिरवी मोठी पेटी बसीवलीया, तिच्याभवती जाळी.

अनसाक्काला वाईला न्हेली जावयानं. नंतर मी येकदा तिला बगाय म्हनून गेले. साताऱ्याला गाडी बदलली. कांताचं दुकान हाय घाटाच्या बाजूला, नारळ, उदबत्ती, खन असलं इकती. मला बगून रडाय लागली.

"मावशे, आई घरात कुटं टिकती? सकाळी निगती ती दुपारी येती. खोली बगत फिरती."

"आगं, हितं काय वंगाळ हाय?"

"मालक म्हनत्यात ऱ्हावा, लेकरं म्हनत्यात ऱ्हावा. तिचं आपलं येकच, जावयाच्या घरात किती दिस?"

मी गल्लीबोळातनं हुडकत गेले. लांबनंच आवाज आयकू आला. येका घराच्या जिन्याखाली हुबी ऱ्हाऊन भिंत ठोकत हुती आन् मालकीनबाईला सांगत हुती, "ही भिंत वली हाय. हितं मानूस ऱ्हात न्हाई, बेडूक ऱ्हातो." मालकीनबाई पार वैतागल्याली. मला बगितल्यावर अनसाक्कानं "आलीस व्हय बायडे?" येवढंच म्हनलं, जशी काय मी शेजारच्याच खोलीतनं आले. लय वाळल्याली. चालनं मातूर तसंच, मला पळावं लागलं तिच्यासंगं.

"मिळंना व्हय खोली?"

"मिळत्यात. पर येकट्या म्हातारीला द्यायला भित्यात. मेली तर कोन बगनार म्हनत्यात."

"तोंडावर म्हनत्यात?"

"चांगला मानूस आसला तर म्हनतो, पाव्हनं येनार हायती. वंगाळ आसला तर खरं सांगतो."

मी म्हनलं, चला माज्या पडवीत, दोगी पडून ऱ्हाऊ. तर म्हनाली, "तुजा भाचा तुला ठेवतोय त्येच लय हाय. त्येच्यावर आजून येक म्हातारी कशाला?" मंग म्हनाली, "बोळाच्या त्या अंगाला येक दार मोकळं दिसतंय. जाऊन इचारते. तुजी गाडी चुकंल, जा तू."

कांतानं मला दिल्याला दुकानातला नारळ मी तिच्या हातात दिला, मोकळ्या हातानं कुनाकडं जाऊ नगा म्हनून. तिनं घेतला, आन् दोन पावलं गेल्यावर माज्याच पिशवीत टाकला.

गाडी सुटली. स्टँडाच्या भाईर रस्ता त्या बोळावरनंच जातो. मी खिडकीतनं बगितलं. ती येका दारात हुबी हुती, पदर सावरत, दाराशी बोलत. आतनं कुनाचा तरी हात आला, न्हाई म्हनून हालला, दार लागलं. ती पायऱ्या उतरली. इकडं तिकडं बगितलं न्हाई, दम घेतला न्हाई. शेजारच्या पायऱ्या चढली आन् कडी वाजवाय लागली.

म्होरं ट्रक आडवा आला, आन् गाडी साताऱ्याकडं वळली.